टीडीपी कमी म्हणजे बिल कमी?

घोडबंदरपासून खारघरपर्यंत हल्ली कितीतरी घरांत फोटो नाहीतर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. बिल फुगलं की सल्ला ठरलेला: "६५ वॉटचा प्रोसेसर काढ, ३५ वॉटचा टाक." ऐकून ऐकून कान किटलेत.

टीडीपी म्हणजे प्रोसेसर कामाला जुंपल्यावर किती उष्णता बाहेर काढावी लागेल, तो आकडा. कूलर निवडायला ठीक. इंटेलचे ३५ वॉटचे 'टी' प्रोसेसर हे बहुतेक ६५ वॉटवाल्यांचेच भाऊबंद, फक्त वेसण घातलेले. वेसण जाणवते पळताना. घरचा सर्व्हर बहुतेक वेळ बसून असतो, आणि बसल्या जागी दोघांचं खाणं जवळपास सारखंच.

बिल ठरतं ते या आयडलवर, म्हणजे बसल्या जागच्या खाण्यावर. महिन्याचे ७२० तास. म्हणजे सतत जळणारे १० वॉट महिन्याला ७.२ युनिट खातात. महावितरणच्या १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असाल, तर ते वरच्या महाग स्लॅबमध्ये पडतात.

आयडल उतरवायचं तर आधी बिनकामाचं ग्राफिक्स कार्ड काढा. मग लिनक्सवर पॉवरटॉप हा वीजखप दाखवणारा प्रोग्राम उघडून 'पॅकेज'चा रकाना बघा; अख्खा प्रोसेसर किती गाढ झोपतो ते तिथे सी-स्टेटच्या आकड्यांत दिसतं, आकडा मोठा तितकी झोप गाढ. तो सी२-सी३लाच अडकला असेल, तर प्रोसेसर झोपायला तयार आहे, कुणीतरी त्याला जागं ठेवतंय. बरेचदा जादा डिस्कसाठी लावलेलं, एएसपीएम (काम नसताना कार्डाची जोडणी झोपवून वीज वाचवणारी सोय) न जमणारं स्वस्त साटा कार्ड. ते काढून डिस्क मदरबोर्डच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये एएसपीएम आणि सी-स्टेट चालू करा, आणि तोच रकाना पुन्हा बघा.

एसएमपीएसवरचे, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे ५५० वॉट ही क्षमता, खप नव्हे. हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. पण 'गोल्ड घेतलाय, आता चिंता नाही' हे काही पटत नाही. गोल्ड हा '८० प्लस'चा, वीज कमी वाया जाते सांगणारा स्टिकर, आणि त्याची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते. तुमचे २५ वॉट ५५०च्या पाच टक्केही नाहीत. तिथे स्टिकर गप्प. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातून निघालेला, अ‍ॅडॉप्टरवर चालणारा मिनी पीसी आणा.

आणि मोजाल ते भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून. सॉफ्टवेअर प्रोसेसरचा आकडा सांगतं. डिस्क, पंखे, एसएमपीएसची गळती त्यात नसते. यूपीएस असेल तर मीटर त्याच्याआधी लावा, तोही गुपचूप खातो.