विमान खाली चाललंय हे पायलटला कळलं कसं नाही?

“ऑटोपायलट असतो ना, मग दोन-दोन पायलट हवेत कशाला?” विमानाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तरादाखल २९ डिसेंबर १९७२ची रात्र पाहू.

ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होतं. चाकं खाली सोडली, पण नाकाखालचं चाक पक्कं बसल्याचा हिरवा दिवा लागेना. मग २,००० फुटांवर ऑटोपायलट लावून विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीकडे वळवलं. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर दिव्याशी झटत बसले. चाक प्रत्यक्ष बघायला फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटखालच्या कप्प्यात उतरला, त्याच्यामागे कंपनीचा एक तंत्रज्ञही. चाक ठीकच होतं, गेला होता तो बल्ब.

या गडबडीत बहुधा कॅप्टनचा धक्का समोरच्या, विमान चालवायच्या दांड्याला लागला. दांड्यावर ठरावीक जोर पडला की हा ऑटोपायलट उंची धरून ठेवणं सोडून द्यायचा. विमान अगदी हळू खाली जाऊ लागलं.

पण शरीराला ते जाणवायला नको? खरी गंमत इथे आहे. आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात आणि त्या थरात केसांसारखे तंतू रुतलेले असतात. वेग बदलला की जड स्फटिक मागे रेंगाळतात, तंतू वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. वेग एकसारखा असेल तर काहीच वाकत नाही. लिफ्ट सुटताना आणि थांबताना पोटात गोळा येतो, मधल्या मजल्यांवर काही कळत नाही, तसंच. शिवाय बदल फारच सावकाश झाला तर तोही या यंत्रणेच्या पकडीत येत नाही. म्हणजे कान वेग मोजत नाही, त्वरण (वेगातला बदल) मोजतो, आणि तेही एका मर्यादेच्या वर असेल तरच. ही उणीव डोळे भरून काढतात. पण खाली दिवे नसलेली काळीकुट्ट दलदल होती, क्षितिज दिसतच नव्हतं. उरला उंचीचा काटा, आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. ठरलेल्या उंचीपासून २५० फूट ढळल्याची घंटासुद्धा वाजली, पण ती होती इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि इंजिनिअर खाली. विमान दलदलीत आदळलं, त्यातल्या १७६ पैकी १०१ जण दगावले.

पुढे या कॅप्टनची आणि इंजिनिअरची भुतं दुसऱ्या विमानांत दिसतात, अशा कथा पसरल्या. त्या चवीने सांगणाऱ्यांपैकी किती जणांना त्या बल्बची गोष्ट माहीत असते, कोण जाणे!

म्हणून आता एकाने विमान चालवायचं आणि दुसऱ्याने काटे, रेडिओ आणि पहिल्या पायलटवर लक्ष ठेवायचं, अशी वाटणी असते. बिघाड निघाला तरी विमान कोण चालवतंय हे आधी मोठ्याने बोलून ठरवतात. अमेरिकेने १९८१मध्ये १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये अवांतर गप्पांना बंदी घातली.

तो नियम त्या उंचीवर मात्र लागू नाही, जिथे ऑगस्ट २०१४मध्ये मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं विमान होतं. कॅप्टन नियमानुसार विश्रांती घेत होता आणि सहवैमानिकाचं लक्ष टॅबमध्ये होतं, गप्पांत नव्हे, तर विमानाच्याच माहितीत, असं नंतर सांगण्यात आलं. विमान सुमारे ५,००० फूट खाली आलं आणि ते आधी लक्षात आलं तुर्कस्तानातल्या अंकाराच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या.