मामांचा उजवा हात

माझे मामा अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवायचे. उजवं कोपर कायम खिडकीबाहेर. त्यांचे दोन हात शेजारी ठेवले की दोन वेगळ्या माणसांचे वाटत. डावा गव्हाळ, उजवा काळाकुट्ट, आणि त्या काळ्यावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गव्हाळ रेघ. मामी दर रविवारी दही-बेसन लावून तो हात चोळायची आणि शेवटी म्हणायची, ''मळ असता तर निघाला असता हो!'' मामीचं अगदी बरोबर होतं.

रापलेला रंग आतून येतो. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी फांद्या पसरून आसपासच्या तीस-पस्तीस पेशींना रंग पुरवते. उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांनी एखाद्या पेशीचा डीएनए दुखावला की ती रंगपेशीला रासायनिक सांगावा धाडते. रंगपेशी मेलॅनिन बनवते, त्याच्या बारीक पुड्या बांधते आणि शेजारणींना वाटते. त्या पेशीत पोचलेल्या पुड्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, गोळा होऊन बसतात. भातलावणीत बाया डोक्यावर इरलं घेऊन वाकतात ना, हुबेहूब तसं. आतला डीएनए झाकण्यासाठी प्रत्येक पेशी आपलं इरलं पांघरते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण हे इरलं येतं ते इजा झाल्यावर. रापणं म्हणजे तब्येतीची झळाळी, असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. शिवाय या कामाला दोन-तीन दिवस लागतात. रविवारी मैदानात खेळलेलं क्रिकेट बुधवारी चेहऱ्यावर दिसतं. उन्हातून आल्या आल्या जो काळसरपणा दिसतो तो वेगळा. यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण आधीच असलेल्या मेलॅनिनचं ऑक्सिडीकरण करतात, त्याचा तो रंग. त्यातून नवं संरक्षण जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि यूव्हीए गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे मामांनी काच वर केली असती तरी हात पुरता वाचला नसता.

मग एकाच उन्हात एक जण लालबुंद होतो आणि दुसरा नुसता सावळा, असं का? रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो पुड्यांत. काळ्या त्वचेत त्या मोठ्या, सुट्या आणि टिकाऊ असतात. गोऱ्या त्वचेत लहान, घोळक्याने बसणाऱ्या आणि लवकर विरणाऱ्या. मेलॅनिनही दोन प्रकारचं: तपकिरी-काळं आणि लालसर-पिवळं. लाल केसांच्या युरोपीय माणसांत रंगपेशीवरचा, सांगावा घेणारा एमसी1आर हा ग्राहीच बिघडलेला असतो. सांगावा येतो, पण दार उघडत नाही. ती माणसं भाजतात, त्यांना वांगासारखे ठिपके येतात, पण ती रापत नाहीत.

त्वचेचे प्रकार ठरवण्याची आजची पद्धत हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली मांडली, ती एका उपचारासाठी. सोरायसिसच्या रुग्णांना सोरालेन हे कातडीला किरणांबाबत हळवं करणारं औषध देऊन यूव्हीए किरण द्यायचे, अशी ती उपचारपद्धत होती. (सोरालेन आपल्या बावचीच्या बियांत असतं, कोडावर बावची वापरण्याची आपली रीत फार जुनी.) किरणांची मात्रा केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरवली, तेव्हा काही जण भाजले. म्हणून त्यांनी रुग्णांनाच विचारलं: उन्हात तुम्ही भाजता का, आणि मग रापता का? पहिला प्रकार नेहमी भाजणारा, कधीच न रापणारा. चौथा क्वचित भाजणारा, सहज रापणारा. हे चारही प्रकार गोऱ्यांसाठीच होते. तपकिरी त्वचेचा पाचवा आणि काळ्या त्वचेचा सहावा नंतर जोडला गेला.

आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात मोडतो, आणि इथेच गफलत होते. ''मला ऊन बाधत नाही,'' असं आपण सहज म्हणतो, कारण लाली दिसत नाही. सावळ्या त्वचेवर भाजणं ओळखायचं ते स्पर्शाने: कातडी गरम लागते, ताणल्यासारखी वाटते, शर्टाची कॉलर टोचते, आणि चार-पाच दिवसांनी सालं निघतात. अगदी काळ्या त्वचेचं स्वतःचं संरक्षण, सनस्क्रीनच्या बाटलीवर असतो त्या एसपीएफ या मापात, साधारण 13 इतकं मोजलं गेलं आहे. रापल्याने मिळणारी जोड मात्र जेमतेम तीन-चार एसपीएफची.

आणखी एक गोष्ट सावळ्या त्वचेचीच. आपली त्वचा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही काळवंडते, विशेषतः निळ्या-जांभळ्याने. गोऱ्या त्वचेत हे फारसं होत नाही. गालावर वांग असलेल्या बायका सनस्क्रीन नेमाने लावतात आणि तरी डाग गडद होतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. साधं सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल तर जरूर विचारा.

मूळ रंग पाहायचा असेल तर दंडाची आतली बाजू पाहावी, कारण तिथे ऊन पोचत नाही. साधा रापलेला रंग पेशी झडतात तसा काही आठवड्यांत उतरतो. मामांना निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. घड्याळाची रेघ पुसट झाली, पण उजवा हात डाव्याच्या रंगाला अजून आलेला नाही. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या कातडीत रंगपेशींची संख्याच सुमारे दुप्पट झालेली असते.