एका माइकपुढचे सॉनिक्स

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या फोंड्याकडच्या एखाद्या जुन्या घरात घुमट आरती ऐकलेल्या माणसाला सॉनिक्स हा अमेरिकन रॉक बँड फारसा समजावून सांगावा लागणार नाही. चौकात चार घुमटे म्हणजे मातीची तालवाद्ये, शामेळ हा ढोल, कासाळे म्हणजे झांजा आणि तासाभरात टिपेला पोचलेले आवाज. कुणाचा हात कुठला, हे वेगळे काढता येत नाही. भिंतीही वाजत असतात. सॉनिक्सची १९६५ची 'हिअर आर द सॉनिक्स' ही रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा मला तो चौकच आठवला.

हा बँड अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या टाकोमा शहरातला. जवळच हवाई दलाचा तळ, थोड्या अंतरावर सिएटल आणि बोइंगचे कारखाने. नावातला 'सॉनिक' त्याच आकाशातून आला, ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या विमानांच्या 'सॉनिक बूम' या धडाक्यातून. लॅरी पॅरिपा गिटारवर, भाऊ अँडी बेसवर, रॉब लिंड सॅक्सोफोनवर, बॉब बेनेट ड्रम्सवर आणि ऑर्गन वाजवत किंचाळणारा जेरी रोझली. हो, किंचाळणाराच, त्याच्या गाण्याला दुसरा शब्द नाही. विषयही तसेच. 'द विच'मध्ये चेटकीण, 'स्ट्रिक्नीन'मध्ये चवीने प्यायलेले विष. १९६४-६५ साली अमेरिकन रेडिओवर बीटल्सची गोड प्रेमगीते वाजत होती, हे लक्षात घेतले की या पोरांचे धाडस कळते.

'द विच' १९६४च्या अखेरीस एटिकेट या छोट्या स्थानिक कंपनीने काढले. ही कंपनी त्याच गावच्या वेलर्स बँडमधल्या मंडळींची. पुढची लाँगप्ले रेकॉर्ड, म्हणजे 'हिअर आर द सॉनिक्स', सिएटलमध्ये कर्नी बार्टन यांच्या स्टुडिओत, दोन ट्रॅकच्या टेपवर झाली. सगळ्या ड्रम्सना मिळून एकच माइक. आवाजाचा काटा लाल रेषेपलीकडे जाऊ दिला आणि फाटलेला आवाज तसाच ठेवला. १९६६च्या 'बूम'च्या वेळी तर टाकोमातल्या स्टुडिओच्या भिंतींवरचे आवाज शोषणारे आवरणच पोरांनी उपटून काढले. खोली घुमायला हवी होती त्यांना. याला कुणी अडाणीपणा म्हणतात, ते मला पटत नाही. काय हवे ते त्यांना नेमके ठाऊक होते.

मग चूक झाली. एटिकेट सोडून ते जर्डन कंपनीकडे गेले, हॉलिवूडच्या गोल्ड स्टार या नामांकित स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले आणि आवाज स्वच्छ होऊन बसला. बँडला स्वतःलाच ती रेकॉर्ड आवडली नाही. दशक संपण्याआधी मूळ मंडळी पांगली. लिंड नौदलात लढाऊ विमानांचा वैमानिक झाला, बाकीचे आपापल्या नोकरीधंद्याला लागले.

देशभर नाव व्हावे एवढा पैसा किंवा वितरण एटिकेटकडे कधीच नव्हते. सॉनिक्स उपेक्षित राहिले याचे मोठे कारण मला हेच वाटते. पण रेकॉर्डी हातोहात फिरत राहिल्या. क्रॅम्प्स या अमेरिकन रॉक बँडने १९८०च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये 'स्ट्रिक्नीन' घेतले. त्याच वॉशिंग्टन राज्यात वाढलेला 'निर्वाणा' या बँडचा गायक कर्ट कोबेन त्या एका माइकच्या ड्रम्सचे मुलाखतीत मनापासून कौतुक करत असे. पंक, म्हणजे कच्चा, वेगवान, बंडखोर रॉक, हे नाव रूढ होण्याच्या दहा वर्षे आधी पंक वाजवणारे, म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या वादकांनी त्यांना शोधून काढले.

२००७ साली ब्रुकलिनच्या केव्हस्टॉम्प महोत्सवात रोझली, लॅरी आणि लिंड पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यातून पुढे २०१५चा 'धिस इज द सॉनिक्स' आला; हा त्यांचा सर्वांत अलीकडचा स्टुडिओ अल्बम. अँडी आणि बेनेट यात नाहीत. बेसवर फ्रेडी डेनिस, ड्रम्सवर डस्टी वॉटसन. निर्माता जिम डायमंड हा डेट्रॉइटच्या गॅरेज बँडांसोबत, म्हणजे असाच कच्चा रॉक वाजवणाऱ्यांसोबत, हात बसलेला माणूस. ध्वनिमुद्रण पुन्हा सिएटलमध्ये आणि मुद्दाम मोनोमध्ये. डावा-उजवा वेगळा नाही, गिटार, सॅक्स आणि ड्रम्स एकाच ठिकाणाहून अंगावर येतात. गोल्ड स्टारमध्ये हरवलेली ती घुमणारी खोली त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी परत मिळवली. पहिलेच गाणे 'आय डोन्ट नीड नो डॉक्टर', आणि त्यात सत्तरीच्या घरातला रोझली अजूनही तसाच किंचाळतो.