दुर्गम ग्रामीण भागातील शाश्वत इंटरनेट

डोंगर, बेटे, वाळवंट, घनदाट जंगल अशा ठिकाणच्या विरळ वस्तीपर्यंत इंटरनेट आणि टेलिफोन नेणे, आणि सुरुवातीचे अनुदान संपल्यावरही ती सेवा तिथल्याच माणसांच्या बळावर चालू राहील अशी तजवीज करणे, असा दुहेरी अर्थ या संज्ञेत आहे. पहिले काम काही आठवड्यांत उरकता येते. दुसऱ्याला वर्षे लागतात, आणि बऱ्याच योजना तिथेच बसतात. उद्घाटनाचे फोटो पहिल्या कामाचे निघतात, म्हणून पैसाही तिकडेच जातो. या नोंदीचा कल मात्र दुसऱ्या कामाकडे आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटबाहेर होती. त्यांतली १८० कोटी ग्रामीण भागात. शहरांत ८३ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, खेड्यांत ४८ टक्के. हे आकडे वाचताना एक गल्लत टाळायला हवी. मोबाइल इंटरनेटची रेंज जगातल्या ९५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचली आहे, म्हणजे बाहेर राहिलेल्या बहुतेकांच्या डोक्यावर रेंज आहे. त्यांचे अडते ते फोनची किंमत, डेटाचा खर्च, वाचता येणे आणि स्वतःच्या भाषेत काही वाचण्याजोगे असणे यांवर. उरलेल्या थोड्या टक्क्यांचे दुखणे वेगळे. तिथे रेंजच नाही, आणि ती का नाही हे साध्या हिशेबातून कळते. खाली वीस हजार माणसे राहत असोत की दोनशे, टॉवर उभारायचा खर्च जवळपास तोच. उलट दुर्गम जागी रस्ता नसतो, डिझेल माणसांच्या पाठीवरून चढवावे लागते, बिघाड झाला की दुरुस्ती करणाऱ्याचा येण्याजाण्यातच दिवस जातो. गिऱ्हाईक मात्र थोडे आणि हातातोंडाची गाठ घालणारे.

प्रश्न जुना आहे. सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक दूरसंचारविषयक आयोगाने १९८५ मध्ये आपला अहवाल मांडला, तेव्हा एकट्या टोकियो शहरात संपूर्ण आफ्रिका खंडापेक्षा जास्त टेलिफोन असल्याचे त्यात नोंदवले होते. नव्वदच्या दशकात उत्तर म्हणून गावोगाव सामाईक दूरसंचार केंद्रे निघाली: एक खोली, दोन-चार संगणक, एक चालक. यांतली काही अप्रतिम चालली. पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनम या कोळी गावात ज्ञानकेंद्राची मंडळी समुद्राच्या लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि ध्वनिक्षेपकावरून साऱ्या किनाऱ्याला ऐकवत. संगणकाला हातही न लावलेल्या कोळ्याला त्याचा उपयोग होता. बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीण बायकांनी कर्जावर मोबाइल घेऊन गावाला फोन लावून देण्याचा धंदा केला, तोही नीट चालला. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि त्या धंद्याची गरजच संपली. पण बहुसंख्य केंद्रांचा शेवट इतका सन्मानाचा नव्हता. देणगीदाराचा करार संपला, चालकाचा पगार थांबला, संगणकावर धूळ बसली.

जोडणी कशी होते
दुर्गम भागात केबल टाकणे महाग, म्हणून पहिला विचार बिनतारी दुव्याचा होतो. वाय-फायच्या लहरींना अनेक देशांत परवाना लागत नाही, भारतात वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा खुल्या वापरासाठी २००५ मध्ये मोकळा झाला. वाय-फाय हे मुळात घरातले, फार तर अंगणातले तंत्र. दिशादर्शी अँटेना लावून दोन टेकड्या एकमेकींना दिसतील अशा साधल्या, तर तेच साधन शेकडो किलोमीटर जाते. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखवला. अडचण अंतराची कमी आणि वाट पाहण्याची जास्त आहे. वाय-फाय माहितीचा प्रत्येक तुकडा पाठवल्यावर ‘मिळाला’ असा निरोप येण्याची वाट पाहते, आणि तो निरोप अगदी थोड्या वेळात येईल असे धरून चालते. दुसरे टोक पन्नास किलोमीटरवर असले की निरोपाला उशीर होतो, यंत्र तुकडा हरवला असे समजून पुन्हा पाठवते, आणि दुवा स्वतःच्याच गोंधळात बुडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ही सवय सॉफ्टवेअरमधून मोडली. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने अशा दुव्यांवरून खेड्यांतली दृष्टिकेंद्रे (डोळे तपासण्याची छोटी केंद्रे) थेनीच्या रुग्णालयाला जोडली, आणि रुग्णाला गावातच डॉक्टरांशी पडद्यावर समोरासमोर बोलता येऊ लागले.

नेपाळमधल्या म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावाची गोष्ट अधिक खडतर. तिथले शिक्षक महाबीर पुन यांनी गावच्या शाळेपासून सुरुवात केली. वाय-फायवर तेव्हा निर्बंध होते, देशात यादवी चालू होती, आणि सामान परदेशी पाहुण्यांच्या पिशव्यांतून येत होते. अँटेना झाडांवर चढवून २००२ च्या सुमारास पोखऱ्यापर्यंत दुवा लागला. पुन यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वीज
बर्कलीच्या त्याच गटाने नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवले, की त्यांच्या जाळ्यांतले बहुतेक बिघाड बिनतारी तंत्राचे नव्हतेच, विजेचे होते. दाब अचानक उसळे आणि उपकरण जळे. वीज जाई तेव्हा राउटरची स्मृती अर्धवट लिहिलेली राही आणि तो पुन्हा उठतच नसे. म्हणून अनुभवी माणूस जागा पाहायला गेला की अँटेनाआधी अर्थिंग विचारतो.

सौरऊर्जेचा हिशेब सोपा आहे, आणि तरीही तो वरचेवर चुकतो. दहा वॅट खाणारा एक बिनतारी नोड (जाळ्यातले एक जोडणीचे ठाणे) दिवसाला २४० वॅट-तास घेतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॅट-तास मावतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिले तर ती लवकर मरते, तेव्हा हातात ६०० उरले. म्हणजे सूर्य अडीच दिवस दिसला नाही तर नोड बंद. आता त्याच बॅटरीवर कुणी फोन चार्ज करू लागला, मग टीव्ही लावला, की अडीच दिवसांचा एक होतो. गावाला हे समजावून सांगणे हे अभियांत्रिकीइतकेच महत्त्वाचे काम आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या मांकोसी येथील झेंझेलेनी सहकारी संस्थेने उलटा डाव टाकला: सौरनोडवर फोन चार्ज करून देणे हीच सुरुवातीची कमाई. खोसा भाषेत ‘झेंझेलेनी’ म्हणजे ‘तुमचे तुम्हीच करा’. नोड कुणाच्या घरावर बसवायचे हेही गावच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले.

(धरमशालेच्या डोंगरी जाळ्यात विजेच्या जोडीला माकडेही होती. अँटेनाला लोंबकळणारे आणि केबल चावणारे प्राणी कुठल्याच यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नसतात.)

मालकी
जाळे कुणाचे, यावर त्याचे आयुष्य ठरते असे अनुभव सांगतो. बिघाड झाल्यावर गावकरी ‘त्यांचे’ बंद पडले म्हणतात की ‘आपले’, यातून पुढचा महिना कसा जाणार ते कळते. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या ओसोना भागात २००४ मध्ये सुरू झालेले गीफी-नेट हे लोकांनीच उभारलेले इंटरनेटचे जाळे याचे सर्वांत मोठे उदाहरण. त्याचे तीस हजारांहून अधिक नोड आहेत. जाळे कुणा एकाचे नाही. अटी पाळणारा कुणीही त्याला जोडून घेऊ शकतो, व्यावसायिक कंपन्याही. मात्र जी कंपनी जाळे जास्त वापरते आणि त्यात कमी घालते, तिला फरक भरावा लागतो. पाणीवाटपाच्या जुन्या गावकी पद्धतींशी याचे नाते लक्षात येण्याजोगे आहे.

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या शेतकऱ्यांनी २०११ पासून बी-फॉर-आर-एन या संस्थेतर्फे स्वतःच चर खणून फायबर टाकली. जमीनमालकांनी वाटेचा मोबदला घेतला नाही आणि खणणाऱ्यांची मजुरी समभागांत जमा झाली. श्रीमंत देशातला हा प्रयोग गरीब देशांना लागू नाही असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण चर खणण्याचा खर्च हा फायबरच्या खर्चातला मोठा वाटा, आणि श्रमदान सगळीकडे करता येते.

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या तालेआ दे कास्त्रो गावात २०१३ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारे गावचे स्वतःचे मोबाइल जाळे उभे राहिले. रिझोमॅटिका ही संस्था पाठीशी होती. गावातले फोन आपसांत जोडायला बाहेरच्या दुव्याची गरज नव्हती. मोबाइलच्या लहरींना परवाना लागतो, ही खरी गाठ होती. ती २०१६ मध्ये सुटली, जेव्हा मेक्सिकोच्या नियामकाने आदिवासी समुदायांच्या संघटनेला सामाजिक वापरासाठी लहरी दिल्या. जिथे कायदा लहान जाळ्यालाही मोठ्या कंपनीएवढेच शुल्क आणि कागदपत्र लावतो, तिथे उत्तम तंत्रही कुचकामी ठरते.

आकाशातून
वरून इंटरनेट सोडले की जमिनीवरची कटकट टळेल ही कल्पना पुन्हा पुन्हा मोहात पाडते. गुगलचे ‘लून’ हे सुमारे वीस किलोमीटर उंचीवर तरंगणारे फुगे २०१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये दिसले, २०२० मध्ये केनियात व्यावसायिक सेवेत आले आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर झाले. फेसबुकचे ‘अक्विला’ हे सौरविमान २०१६ मध्ये उडाले, २०१८ मध्ये गुंडाळले गेले. उपग्रहांचे तसे नाही, ते टिकले आहेत. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो; सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे हा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर आला. पण या उपग्रहांशी जोडणारी जमिनीवरची तबकडी ५० ते ७५ वॅट खाते, म्हणजे वरच्या हिशेबातल्या नोडच्या पाच ते सात पट. शिवाय दर आणि नियम दूरच्या कंपनीच्या हातात राहतात. म्हणून एका तबकडीचा दुवा गावच्या वाय-फाय जाळ्यात वाटून घेणे हा मधला मार्ग व्यवहार्य ठरतो, सेवेच्या अटींत तो बसत असेल तर.

दुवा मंद किंवा महाग असेल तिथे गावातच एक लहान सर्व्हर ठेवून त्यावर विश्वकोश, धडे, आरोग्याची माहिती साठवतात; बाहेरचा दुवा तुटला तरी शाळा चालू राहते. कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात तर २००३ च्या सुमारास मोटारसायकलीच शाळांची ईमेल गोळा करत फिरत: गाडी शाळेजवळून गेली की पत्रे चढत-उतरत, आणि शहरात पोहोचल्यावर पुढे जात.

शाश्वततेचा शेवटचा भाग म्हणजे जुनी यंत्रे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागली. दुर्गम जागी हिशेब आणखी विचित्र होतो. शिशाच्या मेलेल्या बॅटरीला भंगारात भाव असतो, म्हणून ती आपोआप डोंगर उतरते, जरी वाटेत कुणीतरी ती उघड्यावर फोडून स्वतःला विषबाधा करून घेण्याची भीती असते. तिच्या जागी आता लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या येत आहेत. त्या जास्त वर्षे टिकतात, खोलवर उतरवल्या तरी चालतात. पण त्यांत कोबाल्ट किंवा निकेल नसल्याने भंगारवाल्याला त्यांत रस नाही, आणि त्या परत खाली आणण्याचा खर्च सहसा कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.