पहिली चूक, स्टेशन डायरी आणि एफआयआर

चौदा वर्षांच्या मुलाने दुकानातून मोबाईल उचलला आणि तो पकडला गेला. याआधी त्याचं नाव कुठल्याही ठाण्यात आलेलं नाही. ‘गुन्हा दाखल करा, म्हणजे अद्दल घडेल’, असं दुकानदार म्हणतो. ‘साहेब, पोराच्या आयुष्याचं वाटोळं होईल हो’, अशी आई हात जोडते. एफआयआर नोंदवणं न नोंदवणं साहेबांच्या मर्जीवर आहे, असाच दोघांचाही समज असतो. तो चुकीचा आहे. गुन्हा घोर स्वरूपाचा (म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा) नसेल आणि मुलासोबत कोणी सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआर नोंदवायचाच नाही, असं केंद्राचे २०१६ चे बाल न्याय नियम सांगतात. स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद करायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि तो मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा, एवढंच पोलिसांचं काम. इथवर पोहोचायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

मुलांकडे वेगळं पाहणारा पहिला कायदा १८५० चा, शिकाऊ उमेदवारांचा. अनाथ आणि गरीब मुलांना हाताला काम शिकवावं, हा त्याचा हेतू. भटकेगिरी किंवा किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मुलाचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेटने उभं राहावं आणि त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली द्यावं, अशी सोयही त्यात होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारगृह उभं राहिलं. माहीमची ससून संस्था ती हीच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच मानायचं नाही, असं ठरवलं. सात ते बारा वयाच्या मुलाला आपण काय करतोय याची समज होती का, हे पाहायचं होतं. पण त्याच काळात १८६४ चा फटक्यांचा कायदाही आला आणि त्यात अल्पवयीन मुलांना वेताचे फटके मारण्याची तरतूद होती. म्हणजे एका हाताने शिक्षण आणि दुसऱ्या हाताने वेत. १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी मुलांची तुरुंगातून सुटका केली खरी, पण आधी अटक, खटला आणि दोषसिद्धी, मग शाळा, हा क्रम तसाच राहिला.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं असावीत, अशी शिफारस केली. त्यानंतर मद्रासचा बाल कायदा १९२० मध्ये, बंगालचा १९२२ मध्ये आणि मुंबईचा १९२४ मध्ये झाला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलं ठेवायला जागा मिळाली ती डोंगरीची, उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामी प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी एकशे एक दिवस काढले, तो तुरुंग हाच. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. कायद्याच्या भाषेत मूल आता कैदी नव्हतं, पण त्याला ज्या दारातून आत नेलं जायचं ते तुरुंगाचंच होतं, आणि आणणाराही पोलीसच होता. ‘रिमांड होम’ हे शब्द मुंबईच्या वस्त्यांमध्ये आजही धमकीसारखे उच्चारले जातात, त्याची मुळं इथे आहेत. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई पोलिसांनी मुलांसाठी वेगळं पथकही काढलं, ते ‘जापू’ (जुव्हेनाइल एड पोलीस युनिट) म्हणून ओळखलं गेलं. पण पकडण्याच्या क्षणाचे नियम बदलले नव्हते.

तो क्षण बदलण्याचा विचार बाहेर आधी सुरू झाला. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या पोलिसांनी १९४९ मध्ये एक योजना आणली. किरकोळ चोरीत पहिल्यांदा सापडलेल्या मुलाला कोर्टात न नेता एक खास अधिकारी त्याच्या घरी जायचा, आईवडिलांशी आणि शाळेशी बोलायचा आणि पुढेही लक्ष ठेवायचा. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात याच्याही पुढे जाऊन कुटुंबाची बैठक मध्यभागी आणली. तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाने सरकारी पद्धतीवर घेतलेल्या आक्षेपांचा त्यामागे मोठा वाटा होता. तिथे मुलांची बहुतांश प्रकरणं पोलीस न्यायालयाबाहेरच ताकीद देऊन किंवा भरपाई करवून घेऊन मिटवतात. संयुक्त राष्ट्रांनी २९ नोव्हेंबर १९८५ रोजी बाल न्यायासाठीचे बीजिंग नियम मंजूर केले. शक्य असेल तिथे मुलाला औपचारिक खटल्यापासून दूर ठेवावं आणि तो अधिकार पोलिसांनाही असावा, असं त्यातला अकरावा नियम सांगतो.

नेमक्या याच सुमारास आपल्याकडे शीला बारसे यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. मुंबईच्या या पत्रकार देशभरातल्या तुरुंगांमध्ये असलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांची माहिती मागत होत्या. बाल कायदे होते, तरी मुलं तुरुंगात होती. मुलांना तुरुंगात ठेवू नये, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांचा तपास तीन महिन्यांत संपवावा आणि राज्याराज्यांचे वेगवेगळे कायदे जाऊन देशाला एकच कायदा मिळावा, असं न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. एका बाईने चिकाटीने लावून धरलेल्या प्रकरणाचं हे ऋण आपण फारच कमी वेळा मान्य करतो.

१९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. २००० च्या कायद्याने मुलींप्रमाणे मुलग्यांसाठीही वयोमर्यादा सोळावरून अठरा केली आणि मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्त्यांचं बाल न्याय मंडळ आणलं. मग २००७ च्या नियमांत ते कलम आलं, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही: खून-बलात्कारासारखा गंभीर गुन्हा किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा सोडला तर पोलिसांना एफआयआर वा आरोपपत्राची गरज नाही. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारात एक आरोपी अल्पवयीन होता; त्यानंतर देशभर संताप उसळला आणि २०१५ चा कायदा त्यातूनच आला. घोर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट त्याने उघडली. सगळी चर्चा तिथेच अडकली. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मात्र न्यायालयीन कार्यवाहीऐवजी दुसऱ्या उपायांना चालना द्यावी, हे तत्त्व लिहिलेलं आहे. त्याची बातमी झाली नाही.

२०१६ च्या नियमांतला ‘नमुना १’, म्हणजे त्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचा नमुना, एकदा प्रत्येकाने वाचावा. मुलाने शाळा का सोडली, मित्र कोणत्या वयाचे आहेत, त्याच्यावर कधी अत्याचार झाला का, कोणी मोठ्या माणसाने किंवा टोळीने त्याला वापरलं का, असे प्रश्न त्यात आहेत. गुन्ह्याच्या कारणात आईवडिलांचं दुर्लक्ष आणि त्यांची अति काळजी या दोन्ही शक्यता विचारल्या आहेत. घोर गुन्हा नसेल तर मुलाला ताब्यात घ्यायचं नाही, त्याचं हित त्यातच असेल तेवढा अपवाद. एरवी पालकांना मंडळापुढच्या सुनावणीची तारीख कळवायची. बेड्या घालायच्या नाहीत, जबाबावर मुलाची सही घ्यायची नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. लोक चिडले, आणि ते चिडणं रास्तच होतं. पण त्या रागात किरकोळ चोरीतलं पोर आणि ते प्रकरण एकाच मापाने मोजलं गेलं. मुलांना सोडून देणारा कायदा, असा शिक्का बसला. त्याची किंमत पैसेवाल्यांची मुलं मोजणार नाहीत. ज्याच्या बापाला वकील माहीत नाही, त्याचं मूल ती मोजेल.

महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ मध्ये आले. कायद्याने प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा आणि जिल्ह्याला विशेष पथक. पण त्या अधिकाऱ्याकडे बंदोबस्त, इतर तपास, समन्स हे सगळंही असतंच. शिवाय एक मोठी उणीव राहिली आहे. पहिल्यांदा चुकलेल्या मुलाला ताकीद देऊन, वस्तू परत करवून, दुकानदाराशी समेट घडवून प्रकरण ठाण्यातच संपवण्याची कुठलीही पद्धत नियमांत आखून दिलेली नाही. कितीही किरकोळ असलं तरी प्रकरण मंडळापुढे जायलाच हवं, आणि किरकोळ गुन्ह्याच्या चौकशीची मुदत चार महिन्यांची आहे. तिसऱ्या कलमातलं तत्त्व ठाण्याच्या टेबलावर कसं राबवायचं, हे लिहिणारा नियम अजून यायचा आहे.