कोळी चावला की विंचू?

निफाडची कांदाचाळ असो की दिंडोरीतल्या द्राक्षबागेतली मजुरांची झोपडी, रात्री पोर किंचाळून उठतं, चावलेलं कुणाला दिसत नाही आणि कुणीतरी ठरवून टाकतं, "कोळी असेल, चुना लावा." हे ऐकून कान किटले.

कोळ्याचं थोडक्यात. आपल्याकडचा कोळी चावला तर बहुधा लाली, खाज, जराशी सूज. साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं बर्फ धरा, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. पुढे जखम चिघळली तर डॉक्टर. सापाची लस इथे मागू नका. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापुरती. विंचवालाही ती चालत नाही.

खरी फसगत लाल विंचवाची. काळी मोठी इंगळी बघूनच धडकी भरते, पण जीव घेतो तो बोटाएवढा लाल विंचू. सगळे टॉर्च मारून डंख शोधत बसतात आणि तिथे बहुतेकदा सूजही नसते. विषाने नसा पेटतात, अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून हात लावायचा तो पोराच्या तळव्यांना. हातपाय गार, अंग घामाने चिंब, उलटी, लाळ, मुलगा असेल तर लघवीची जागा ताठ: यातलं एक जरी दिसलं तरी 108 लावा. ताठरपणाचं सांगायला आया लाजतात. डॉक्टरांना ते आधी सांगा. "दुखायचं थांबलं, म्हणजे उतरलं" हे तर सर्वांत घातक. दुखणं कमी आणि तळवे गार, ही जोडी वाईट. लक्षणं नसली तरी मूल दवाखान्यात नजरेखाली हवं.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलेलं औषध प्राझोसिन, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची गोळी: किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला 300. तीन तासांनी पुन्हा, मग हातपाय गरम होईपर्यंत दर सहा तासांनी. जोडीला विंचवाचं प्रतिविष असेल तर उत्तमच. हे काम दवाखान्याचं, घरच्या डब्यातल्या गोळीचं नव्हे: सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी कुटली की मात्रेचा हिशेबच राहत नाही. आणि पहिल्या डोसनंतर पोराला कडेवर उभं धरू नका, रक्तदाब एकदम पडतो, आडवंच ठेवा.