शीड चढतं, पण उतरवायचं कसं?

मे महिन्यात मराठवाड्यात दुपारभर पान हलत नाही आणि संध्याकाळी वळीव अंगावर येतो. ढगातून पडणाऱ्या पावसाचा काही भाग वाटेतल्या कोरड्या हवेतच विरतो. त्यानं हवा थंड होते, जड होते, खाली आदळते आणि चहूकडे सुटते. पैठणचा नाथसागर सुमारे ३५० चौ. किमी पसरलेला; तिथं या झोताला अडवायला काही नाही. (तो पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा होडीची परवानगी हा निराळाच विषय.) अशा पाण्यावर शर्यतीच्या कॅटमरानचं, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेल्या होडीचं, पुढचं मोठं शीड फुगलेलं असेल, तर ते झटकन उतरवता आलंच पाहिजे.

हे शीड म्हणजे स्पिनेकर. पातळ नायलॉनचं, वारा मागून असताना लावायचं. फॉर्म्युला १८ या कॅटमरानच्या शर्यती वर्गातल्या होडीवर ते २१ चौ. मी. पर्यंत असतं, पण कापडाचं वजन भरतं जेमतेम किलोभर. ओझं कापडाचं नाही, वाऱ्याचं. होडीला जाणवणारा वारा ताशी १८ किमी असला, तर २० चौ. मी. शिडावर साधारण ३० किलोचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे १२० किलो. हा रेटा हातानं ओढून जिंकता येत नाही. म्हणून आधी होडी वारा जिकडे वाहतो त्या दिशेला आणखी वळवून स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला घ्यायचा, आणि मगच ओढायचं.

घरी करायची रचना अशी. होडीच्या पुढे आलेल्या दांडीखाली कापडाची लांब नळी बांधायची. नळीच्या तोंडाला रुंद रिंगण. चढवायची आणि उतरवायची दोरी एकच. तिचं एक टोक डोलकाठीवरून शिडाच्या शेंड्याला जातं. दुसरं नळीतून, रिंगणातून निघून शिडाच्या पोटावर शिवलेल्या ठिगळाला. एक बाजू ओढली की शीड नळीतून निघून वर चढतं. शेंड्याची दोरी सोडून दुसरी बाजू ओढली की शीड पोटात दुमडतं आणि नळीत शिरतं. दोन्ही टोकांचा प्रवास मात्र सारखा नसतो. उरलेली ढील लवचीक रबरी दोरीनं खेचून धरली नाही, तर ती पायात येते.

ठिगळ कुठं लावायचं, हा यातला सर्वांत मजेदार प्रश्न. शिडाची कड आठ मीटर आणि ठिगळ मधोमध असेल, तर दुमडलेलं शीड चार मीटरच्या आसपास लांब होतं. नळी तेवढी हवी. दोन ठिगळं लावून, खालच्याच्या कडीतून दोरी ओवून वरच्याला बांधली, तर गठ्ठा आखूड होतो पण जाडही होतो. माझं मत एका ठिगळाच्या बाजूनं, नळीला जागा असेल तर.

रिंगणाला ठिबकची १६ मिमी नळी फार मऊ पडते. ३२ मिमीचा काळा एचडीपीई पाईप वाकवून जोडावा. तो गुळगुळीत असतो, आणि त्यातला कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) अतिनील किरणांपासून प्लास्टिकला सांभाळतो. आपल्याकडच्या उन्हात हे महत्त्वाचं. नळीसाठी शेडनेटचा मोह होतो, कारण पाणी निथळतं. पण तिच्या खरखरीत विणीत पातळ नायलॉन अडकून फाटू शकतं. गुळगुळीत कापड घेऊन तळाशी भोकं पाडावीत.

खरा शत्रू वळणांवर बसलेला असतो. दोरी साध्या कडीवरून अर्धा वळसा घेऊन गेली आणि घर्षणांक ०.२५ धरला, तर १० किलोच्या ओढीसाठी सुमारे २२ किलो लावावे लागतात. अशा दोन कड्या असल्या तर ४८. घर्षण इथं गुणाकारानं वाढतं. म्हणून पैसे वाचवायचे ते पाईपात वाचवावेत. कप्प्या बेअरिंगच्याच घ्याव्यात, आणि वळणं शक्य तितकी कमी ठेवावीत.

पहिली चाचणी काठावर, बिनवाऱ्याच्या सकाळी. मग शीड भिजवून पुन्हा. नायलॉन पाणी पितं, ओल्या घड्या एकमेकींना चिकटतात, आणि कोरडं असताना सरसर गेलेलं शीड रिंगणात तटतं. तसं झालं तर जोर लावू नये, रिंगण मोठं करावं.